शेवटची पाळी कधी आली?

उपकेंद्रात टॅब आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई पहिल्यापासूनच यंत्राच्या नावाने बोटं मोडत होती. तसं नव्हतं. तेलगाव आणि सिरसाळ्याच्या मधल्या एका गावात मी नर्सिंगची पदवी घेऊन एकटी बसलेली. डॉक्टर असायचे प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे माझ्यासाठी फोनवर, आणि तेही रेंज असली तर. दारात आलेला माणूस गोळी देऊन घरी पाठवायचा की गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात, हे रोज मी एकटीने ठरवायचं आणि मग झोपायचं. झोप लागायची नाही. कुणीतरी ठरवायला सोबत येतंय म्हटल्यावर टॅबला हार घालायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं.

बीडला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एक झाड काढलं. खोडापासून दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. म्हणाले, मोठमोठ्या डॉक्टरांचं ज्ञान यात नियम करून भरलंय. जर ताप असेल तर हे विचार, जर नसेल तर ते विचार. तुम्ही फक्त वाचायचं, हो किंवा नाही दाबायचं. शेवटी पडदा हिरवा, पिवळा नाहीतर लाल होईल. लाल झाला की रेफरलचा नंबर पडतो, त्या नंबरावर गाडी सुटते आणि पुढच्या दवाखान्यात थेट विशेष डॉक्टर बघतात. आता कागदी चिठ्ठ्या बंद. एक प्रश्न सोडून दुसऱ्यावर जाता येत नाही, हा त्यांनी गुण म्हणून सांगितला.

आमच्या घरात वडिलांची शिकवण अशी की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विहारातल्या भंतेंनी सांगितलं तरी नाही, तपासून घ्यायचं. त्यामुळे मी सरांना भंडावून सोडलं. हे नियम लिहिले कुणी, पेशंट झाडाच्या कुठल्याच फांदीवर बसला नाही तर काय, वगैरे. सर वैतागले. म्हणाले, मॅडम, सिस्टिमवर विश्वास ठेवायला शिका. सगळे हसले, मीही हसले.

आणि विश्वास बसलाही. एक तान्हं बाळ सर्दी म्हणून आलं होतं. माझ्या एकटीच्या भरवशावर मी नाकात थेंब देऊन पाठवलं असतं. टॅबने मला पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजायला लावले आणि पडदा लाल केला. न्यूमोनिया निघाला. बाळ वाचलं. त्या दिवशी मी टॅब पदराने पुसून कपाटात ठेवला होता.

ती आली ती उन्हाळ्यात, तोडणीच्या टोळ्या गावी परतून महिनाभर झाला असेल तेव्हा. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. मुकादम त्या दोघांना मिळून एक कोयता धरतो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. एकटी बाई म्हणजे काय, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, कारण एकटी बाई कुणी नेत नाही. हीसुद्धा तोडणीला जाणाऱ्यांतलीच, सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली आणि उतरताच ओट्यावर दुमडून बसली. ताप होता, थंडी वाजत होती, सकाळपासून उलट्या. कुठं दुखतं विचारलं तर तिने उजवा हात मागे नेऊन बरगड्यांच्या खाली कुशीत ठेवला. मी तिथं नुसतं बोटांनी चापटलं तर तिने माझं मनगट धरलं. मला जे समजायचं ते समजलं. हे मूत्रपिंडाचं दुखणं होतं आणि ते उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं.

टॅब उघडला. तिचं आरोग्य कार्ड त्याला दाखवलं. नाव आलं, वय आलं, स्त्री आलं, विवाहित आलं. मग पहिला प्रश्न आला: शेवटची पाळी कधी आली? खाली कॅलेंडर उघडलं.

मी विचारलं. ती म्हणाली, "पिशवी काढली की माजी, मॅडम. आता कुठली पाळी."

दारातली शेळी विकली हे सांगावं तसं तिने सांगितलं. मलाही नवल वाटलं नाही, हे लिहिताना मात्र वाटतं. माझ्या हद्दीत पस्तिशीच्या आतल्या अशा किती बायका आहेत हे मला तोंडपाठ होतं. अंगावरून जायचं, खाडे पडायचे, मग तालुक्याच्या कुठल्याशा खासगी दवाखान्यात कुणीतरी सांगायचं की पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, कटकट मिटेल. कटकट मिटायची. हिची दोन वर्षांपूर्वी मिटली होती.

नवल वाटलं ते फक्त टॅबला. 'पाळी कायमची बंद' असं एक उत्तर त्यात होतं, पण ते चाळिशीच्या पुढच्या बाईलाच दिसायचं. वय कार्डावरून आलेलं, ते बदलता येत नव्हतं. 'आधी काही ऑपरेशन झालंय का' हाही प्रश्न होता, पण तो पाळीच्या नंतर. आणि पाळीची तारीख टाकल्याशिवाय नंतर असं काही नव्हतंच. ज्यांनी नियम लिहिले ते मोठे डॉक्टर असतील, चांगलेही असतील. सत्ताविशीतली बाई बिनपिशवीची असते हे त्यांच्या शहरात त्यांनी कधी पाहिलेलं नसणार. मी मागे गेले, बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा कॅलेंडर. बाहेर ती ओकत होती.

शेवटी संतापून मी दोन महिन्यांपूर्वीची एक तारीख दाबली. म्हटलं, बघू तरी कुठं नेतो. टॅब खूश झाला. गर्भधारणेची शक्यता, चाचणी करा. थंडीने कापणाऱ्या त्या बाईकडून मी लघवी घेतली. ती गढूळ होती, तिथंच सगळं दिसत होतं, पण टॅबला गढूळपणाशी कर्तव्य नव्हतं. चाचणी नकारार्थी आली. तसं दाबलं. पडदा पिवळा झाला: पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी करा, विश्रांती द्या.

डॉक्टरांना फोन लावला. ते आढावा बैठकीत होते, दबक्या आवाजात बोलत होते. टॅब काय म्हणतोय, विचारलं. मी म्हटलं, पिवळा म्हणतोय, पण सर हिला पिशवीच नाही. ते म्हणाले की नंबराशिवाय गाडी सुटत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, काहीतरी करून लाल आणा. फोन ठेवला. मला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली. तेही कुठल्यातरी पडद्यासमोरच बसले होते.

टॅबमध्ये 'सराव' नावाचं एक बटण होतं. त्यात खोटा पेशंट करून शिकता यायचं, नंबर मात्र पडायचा नाही. मी त्यात तिचंच दुखणं टाकलं आणि स्त्रीच्या जागी पुरुष केलं. कॅलेंडर आलंच नाही. ताप? हो. थंडी? हो. उलटी? हो. कुशीत दुखतं? हो. कंबरेच्या वर चापटल्यास कळ येते? हो. पडदा लाल झाला: मूत्रपिंडाचा संसर्ग, मूत्रमार्गात अडथळ्याची शक्यता, तातडीने पाठवा. मिनिटसुद्धा लागलं नाही.

ती आत येऊन माझ्या मागे भिंतीला टेकली होती. तिला वाचता येत होतं.

"मंग गडीच लावा मला," ती म्हणाली. "बाईचं काय ऱ्हायलंय तसं बी."

मी म्हटलं, कार्डावर बाई आहे, मला नाही बदलता येत. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याने खिशातून स्वतःचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "माजं घ्या. मुकादम दोघांला मिळून एक कोयता धरतो, मशीनला कावून चालंना?"

चाललं. नवऱ्याच्या नावावर पडदा लाल झाला, नंबर पडला, गाडी आली. गाडीत बायको झोपली आणि पेशंट तिच्या उशाशी बसून गेला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंचा मला फोन आला. चांगल्याच कडाडल्या. नंबर पुरुषाचा आणि पलंगावर बाई, नावं दुरुस्त करण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला होता. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या जरा निवळल्या. म्हणाल्या, पिशवी काढताना लघवीची नळी टाक्यात आवळली गेली असावी, मूत्रपिंड फुगत गेलं, त्यात पू झाला. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काढावं लागलं असतं. आता आत एक बारीक नळी बसवलीय. ती सहा महिन्यांच्या आत काढायलाच हवी, नाहीतर तिच्यावर खडे धरतात आणि आता वाचलेलं मूत्रपिंड जातं. आणि पुढच्या वेळी कृपा करून पेशंटच्याच नावाने पाठवा.

ती घरी आल्यावर मी तिला तेच सांगितलं. यापुढे सगळं तुझ्या नावाने करायचं. नवऱ्याच्या कार्डावर तुझं दुखणं चढवलं तर उद्या त्याला काही झालं तर गोंधळ, आणि तू तर कागदावर कुठंच नाहीस. ती नुसतं मान हलवत होती. मी जरा भाषणच दिलं असावं.

पण तिच्या नावाने काही करायला गेले की टॅब उघडायचा तो थेट गरोदरपणाच्या पानावर. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी झाली नव्हती, ती तेव्हा दवाखान्यात होती. आणि नियम असा होता की पाळी चुकलेल्या बाईची दुसरी चाचणी झाली नाही तर तिला गरोदर धरा. नियम वाईट नाही. एखादी गरोदर बाई सुटून जाण्यापेक्षा नसलेली मोजलेली बरी, असं कुणीतरी विचार करूनच लिहिलं असणार. पण आता तिचं पोट दुखो, ताप येवो, लघवीला जळजळो, टॅबसाठी ती गरोदर. लोहाच्या गोळ्या मंजूर व्हायच्या. नळी काढायचा नंबर काही पडायचा नाही.

मदतीच्या फोनवर एक शांत आवाजाचा मुलगा असायचा. मी त्याला चार शब्द सुनावले तरी तो शांतच. म्हणाला, केस डिलीट होत नाही मॅडम, निकाल टाकूनच बंद होते. एक गर्भपात, नाहीतर दिवस भरल्यावर प्रसूती. चूक झाल्याचं कळवायला एक जागा आहे म्हणाला, तिथं मी कळवलंही, उत्तर म्हणून नुसती पोच आली. आणि आमच्या जिल्ह्यात टॅबमध्ये गर्भपात हा शब्द टाकला की चौकशी लागते. कुणी केला, कुठं केला, आधी किती मुली. लागायलाच हवी, आमच्याकडे पोटातल्या मुलींचं जे घडून गेलंय ते बघता मीच म्हणेन की लागायला हवी. पण हिच्या दारात ती जीप उभी राहिली असती तर गावाने काय काय जोडलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. म्हणजे वाट बघणं आलं. बिनपिशवीच्या बाईचे दिवस भरायची मी वाट बघत बसले.

मधल्या काळात ती एकदा बसने स्वतःच मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. लोक चांगलं बोलले म्हणाली, पण नळी काढायच्या दिवसाचा नंबर उपकेंद्रातूनच घेऊन या म्हणाले. नवऱ्याच्या मोबाइलवर दर आठवड्याला संदेश यायचे. पाचव्या महिन्यात आला की आता बाळाची हालचाल जाणवू लागेल, आईला आनंदी ठेवा. त्याने तो मला आणून दाखवला. मी म्हटलं, पुसून टाक. तर म्हणाला, दर वेळी पुसतो.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागले, टोळ्या गेल्या आणि गाव रिकामं झालं. म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि ही. नळी असताना तोडणीला जायचं नाही असं सांगितलेलं होतं. नवरा चुलतभावाबरोबर कोयता जोडून गेला. ती अधूनमधून ओट्यावर येऊन बसायची. लघवीला रक्त येऊ लागलं होतं, कुशीत पुन्हा ठणका होता. सहा महिने भरत आले होते. मी कॅलेंडर बघायची आणि मला माझाच राग यायचा, कारण संतापून दाबलेल्या त्या तारखेने प्रसूतीची तारीखही ठरवली होती. दोन्ही तारखा एकापाठोपाठ येत होत्या, नळीची आधी.

डिसेंबरच्या एका सकाळी टॅबने स्वतःहून विचारलं: प्रसूती झाली का?

मी तिला बोलावून घेतलं. ती आली, चालताना एका अंगाला कलत होती. मी पडद्यावरचं तिला वाचून दाखवलं. जिवंत जन्म. मृत जन्म. दोनच उत्तरं होती.

तिने विचारलं, जितं लावलं तर. मी सांगितलं की मग वजन विचारेल, नाव विचारेल, लसी येतील, पाच वर्षं त्या लेकराचा हिशोब माझ्याकडे मागेल आणि तुझी केस काही बंद होणार नाही. आणि मेलेलं लावलं तर? मी म्हटलं, बंद होईल. मग तुझ्या नावाने नळीचा नंबर काढता येईल.

तिने दोन्ही उत्तरं पुन्हा एकदा स्वतः वाचली. बाहेर कुणी नव्हतं. मला वाटलं, ही आता हसेल किंवा मला शिवी देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"पिशवी काढताना कुनी एवढं इचारलं न्हवतं," ती म्हणाली. मग तिने स्वतःच बोट पुढे केलं आणि मृत जन्म दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली: आईचं सांत्वन केलं का? हो, नाही. तेही सोडून पुढे जाता येत नव्हतं. माझा हात तसाच राहिला. नसलेल्या लेकराचं सांत्वन कसं करतात ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, आणि असलेल्या दुःखाचं करायची वेळ कधीच निघून गेली होती.

"हो म्हना," ती म्हणाली. मी हो दाबलं. पडदा हिरवा झाला. केस बंद.

मी नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि तिला म्हटलं, बस, आता झालं, आता तुझ्या नावाने. तिचं कार्ड पुन्हा दाखवलं. नाव आलं. वय आलं, आता अठ्ठावीस. स्त्री आलं, विवाहित आलं.

शेवटची पाळी कधी आली?

खाली कॅलेंडर उघडलं.

मी ते बघत राहिले. मला हे सुचलंच कसं नव्हतं? ज्या दारातून आम्ही आत अडकलो ते दार कुणी बदललेलंच नव्हतं. सात महिने मी फक्त केस बंद व्हायची वाट बघत होते, बंद झाल्यावर पहिला प्रश्न तोच असणार हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तिने पडदा वाचला. ब्लाउजमधून एक लहानसं पाकीट काढलं, त्यातून एक कार्ड काढलं आणि टॅबच्या शेजारी ठेवलं. नवऱ्याचं.

"जाताना देऊन गेलेत," ती म्हणाली. "म्हनले, तुज्या कार्डावर काय व्हायचं न्हाई."

मी म्हटलं, म्हणजे दिवाळीपासून हे तुझ्याजवळ आहे? दुखत होतं, रक्त जात होतं, मग आधीच का नाही दिलंस?

तिने कार्ड सरळ करून माझ्याकडे सरकवलं.

"तुमी म्हनलाव्हता ना, माज्या नावानं करू म्हनून. मला बी वाटलं, व्हईल."

मी कार्ड उचललं आणि टॅबला दाखवलं. नाव आलं, वय आलं, पुरुष आलं. कॅलेंडर आलं नाही.